परक्या हिवाळ्यातला उन्हाळी दौरा

रग्बीच्या खेळात ‘उन्हाळी दौरा’ म्हणून जी प्रथा ओळखली जाते, ती प्रत्यक्षात हिवाळ्यातच पार पडते. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड किंवा फ्रान्स यांचा राष्ट्रीय संघ घरचा हंगाम आटोपला की जून-जुलैमध्ये विषुववृत्त ओलांडतो आणि न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका किंवा अर्जेंटिना या देशांत त्यांच्या ऐन हंगामात, त्यांच्या थंडीत आणि त्यांच्या चिखलात खेळून परततो. दौऱ्याचे नाव मात्र पाहुण्या संघाच्या घरच्या ऋतूवरून पडलेले आहे. या प्रथेचा इतिहास सामन्यांच्या निकालांतून सांगण्याची रीत आहे आणि ती गैर नाही. तथापि निकालांच्या मागे एक प्रश्न १८८८ पासून आजपर्यंत सतत उभा राहिलेला दिसतो. खेळाडू जितके दिवस परदेशी असतो तितक्या दिवसांचे मोल कोणी द्यायचे, आणि ते दिवस मुळात कोणाचे? दौरा आठ महिन्यांवरून तीन आठवड्यांवर आला, बोट सोडून विमानात बसला, हौशी खेळाडूंच्या हातून पगारी खेळाडूंच्या हाती गेला, आणि प्रत्येक वेळी त्याचा नवा आकार या प्रश्नाला त्या काळाने दिलेल्या उत्तरातून घडला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

येथे ज्याचा विचार करायचा आहे तो ‘रग्बी युनियन’, म्हणजे प्रत्येकी पंधरा खेळाडूंचा प्रकार; तेरा खेळाडूंचा ‘रग्बी लीग’ त्यातूनच फुटून निघाला आणि तो का फुटला हे पुढे येईल. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावणे, हाताने तो फक्त मागच्या दिशेनेच देणे, समोरच्याला अंगाने अडवून खाली पाडणे आणि अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणे, ज्याला ‘ट्राय’ म्हणतात, हे या खेळाचे मूळ स्वरूप; खेळ थांबल्यावर दोन्ही बाजूंचे आघाडीचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात, त्या रचनेला ‘स्क्रम’ म्हणतात. माणूस वारंवार जमिनीवर आपटणारा हा खेळ असल्यामुळे त्याला मऊ माती लागते, आणि ब्रिटनमध्ये ती साधारणपणे सप्टेंबर ते एप्रिल या काळात मिळते. मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्यात येतो तोही याच कारणाने: १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाची माती भिजली की लंबगोल चेंडू बाहेर निघतो. कलकत्त्यात हे जमले नाही. तेथे १८७२ च्या नाताळात इंग्लंडच्या नावाने वीस आणि स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांच्या नावाने वीस जण उतरून सामना झाला, लगेच क्लबही निघाला, परंतु उष्ण हवेला हा खेळ मानवेना, सभासद रोडावले, आणि अखेर क्लबाने शिल्लक राहिलेले २७० चांदीचे रुपये वितळवून नागांच्या आकाराचे तीन कान व झाकणावर हत्ती असलेला एक चषक घडवून घेतला व तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून ज्याच्यासाठी झुंजतात तो ‘कलकत्ता कप’ हाच होय. ऋतूने हा खेळ एका ठिकाणी बुडवला आणि दुसरीकडे, जिथे इंग्लंडच्या उन्हाळ्यात हिवाळा असतो तिथे, त्याच ऋतुचक्राने दौऱ्याची शक्यता निर्माण केली.

ही शक्यता प्रथम हेरली ती रग्बीच्या माणसांनी नव्हे, दोन क्रिकेटपटूंनी. नॉटिंगहॅमशरचे आल्फ्रेड शॉ आणि आर्थर श्रूजबरी हे व्यावसायिक क्रिकेटपटू जेम्स लिलिव्हाइट यांच्या भागीदारीत इंग्लिश संघ ऑस्ट्रेलियाला नेत असत व तिकीटविक्रीवर नफा मिळवत असत. १८८७-८८ च्या हंगामात मात्र दोन इंग्लिश संघ एकाच वेळी ऑस्ट्रेलियात उतरले, प्रेक्षक विभागले गेले आणि भागीदारांना मोठा तोटा सोसावा लागला. तो भरून काढण्यासाठी त्यांनी योजना आखली की क्रिकेटचा हंगाम संपल्यावर, ऑस्ट्रेलियाचा हिवाळा लागताच, ब्रिटनहून रग्बीचा संघ आणायचा. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने या योजनेला आश्रय देण्यास नकार दिला, पण तिला बंदीही केली नाही. हौशीपणाचे नियम मोडले जाऊ नयेत एवढी अट तिने घातली. हौशीपणा याचा अर्थ खेळाबद्दल कोणताही आर्थिक लाभ न घेणे, आणि रग्बी संघटना त्याबाबत इतकी कडक होती की प्रवासासाठी लागणारे कपडे विकत घेण्यास मिळालेली रक्कमही लाभात मोजली जात असे.

या संघात विद्यापीठांत शिकलेले थोडे खेळाडू होते, पण त्याचा गाभा लँकेशर आणि यॉर्कशर या गिरण्या-कारखान्यांच्या परगण्यांतला होता: स्विंटन, सॅल्फर्ड, हॅलिफॅक्स, बॅटली, रनकॉर्न अशा गावांच्या क्लबांचे खेळाडू, शिवाय स्कॉटलंडच्या सीमेवरील हॉइक गावचे काही. कर्णधार रॉबर्ट सेडन हा स्विंटनचा. ज्याचा रोज बुडला तर चूल थंडावते, अशा माणसाने आठ महिने परदेशी राहायचे असेल तर त्याला कोणीतरी पैसे द्यायलाच हवेत, हे आयोजकांना आणि खेळाडूंना दोघांनाही ठाऊक होते. ते उघडपणे बोलता येत नव्हते एवढेच. हॅलिफॅक्सचा जे. पी. क्लोज याने कपड्यालत्त्यासाठी १५ पौंड घेतल्याचे उघडकीस आले, आणि दौरा सुरू होण्याच्या सुमारासच संघटनेने त्याला व्यावसायिक ठरवून टाकले. संघाबरोबर जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनही त्याला रग्बीचा सामना खेळता आला नाही. पंधरा पौंडांसाठी एका माणसाला आठ महिने मैदानाबाहेर बसवणाऱ्या त्या निर्णयात पुढच्या शंभर वर्षांच्या भांडणाचे बीज आहे.

८ मार्च १८८८ रोजी संघाने इंग्लंड सोडले आणि सुमारे साडेसहा आठवड्यांच्या सागरी प्रवासानंतर तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पोर्ट चामर्स बंदरात उतरला. पहिला सामना २८ एप्रिल रोजी डनीडिन शहरात ओटॅगो प्रांताविरुद्ध झाला व पाहुण्यांनी तो ८-३ असा जिंकला. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया मिळून त्यांनी रग्बीचे ३५ सामने खेळले. त्यांपैकी २७ जिंकले, ६ बरोबरीत सुटले आणि फक्त २ हरले, तेही न्यूझीलंडमध्ये, टारानाकी आणि ऑकलंड यांच्याकडून. राष्ट्र विरुद्ध राष्ट्र असा, म्हणजे ज्याला ‘टेस्ट’ म्हणतात तसा, एकही सामना या दौऱ्यात नव्हता. तरीही यजमानांनी त्यांच्याकडून बरेच उचलले. स्क्रममधून चेंडू टाचेने मागे काढून तो चटकन मागच्या फळीकडे पोचवण्याची आणि लहान-लहान पासांनी पुढे सरकण्याची पद्धत न्यूझीलंडमध्ये रुजली ती या पाहुण्यांचा खेळ पाहून, असे तेथील रग्बीच्या इतिहासात परंपरेने मानले जाते. तिकीटविक्रीच्या हिशेबाने मात्र एक विलक्षण गोष्ट घडवून आणली. मेलबर्न आणि ॲडलेड परिसरात रग्बीला फारसे प्रेक्षक नव्हते, तेथे व्हिक्टोरियन नियमांचा फुटबॉल, म्हणजे आजच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा पूर्वज, लोकप्रिय होता. म्हणून या रग्बी खेळाडूंना तो सर्वस्वी अनोळखी खेळ थोडक्या दिवसांत शिकवून कार्लटनसारख्या मुरलेल्या क्लबांपुढे उभे करण्यात आले. असे १९ सामने ते खेळले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक हरले, तरी काही जिंकलेही, ही गोष्ट त्यांच्या अंगच्या कसबाबद्दल बरेच सांगून जाते.

दौऱ्याच्या मध्यावर, १५ ऑगस्ट १८८८ रोजी, न्यू साउथ वेल्समधील मेटलंड या गावी मुक्काम असताना सेडन एकटाच हंटर नदीत नौका वल्हवण्यास गेला. ही शर्यतीची अरुंद नौका होती. तीत वल्हवणाऱ्याचे पाय पुढच्या फळीवर पट्ट्यांनी बांधलेले असतात, म्हणजे वल्ह्याला जोर मिळतो. नौका उलटली तेव्हा पोहता येत असूनही त्याला पाय मोकळे करता आले नाहीत. जो माणूस साडेतीन महिने चाळीसच्या आसपास सामन्यांत संघाच्या अग्रभागी होता, तो एका सुट्टीच्या दुपारी संथ नदीत बुडून गेला. मेटलंडच्याच दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली, आणि कर्णधारपद अँड्र्यू स्टॉडार्टकडे आले, जो क्रिकेटसाठी आधीच ऑस्ट्रेलियात होता आणि पुढे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचाही कर्णधार झाला. दौरा थांबला नाही. ठरलेले सामने आणि विकायची तिकिटे शिल्लक होती. संघ मायदेशी परतल्यावर आपण कोणताही आर्थिक लाभ घेतलेला नाही अशी प्रतिज्ञापत्रे खेळाडूंकडून करून घेण्यात आली. आयोजकांच्या पत्रव्यवहारातून मागाहून दिसून आले की काहींना पैसे मिळाले होते. या खेळाडूंना लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या नियमाने घरी बसलेल्या कुटुंबाचा विचारच केला नव्हता, त्या नियमापुढे त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

त्यानंतर तीन वर्षांनी निघालेल्या दौऱ्याची तऱ्हा वेगळी होती. १८९१ मध्ये बिल मॅक्लेगन या स्कॉटिश खेळाडूच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश संघ दक्षिण आफ्रिकेला गेला तेव्हा इंग्लंडच्या संघटनेची त्याला संमती होती, आणि तोटा झाल्यास तो भरून देण्याची हमी केप वसाहतीचे पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स यांनी घेतली होती. संघ ज्या ‘डनॉटर कॅसल’ बोटीने गेला त्या बोट कंपनीचे मालक सर डोनल्ड करी यांनी सर्वांत चांगला खेळ करणाऱ्या स्थानिक संघासाठी एक चषक बरोबर दिला. तो ग्रिकालँड वेस्ट प्रांताला मिळाला आणि त्या देशाची ‘करी कप’ ही प्रमुख आंतरप्रांतीय स्पर्धा त्यातूनच उभी राहिली. पाहुण्यांनी सगळे सामने जिंकले आणि संपूर्ण दौऱ्यात अवघा १ गुण दिला. या संघात केंब्रिजसारख्या विद्यापीठांतील तरुणांचा भरणा होता. उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी ज्यांच्या हक्काची, घरची शेती-इस्टेट ज्यांना सांभाळणारी, अशा माणसांना दौरा परवडत होता.

दौऱ्याच्या या दोन तऱ्हांमधले अंतर २९ ऑगस्ट १८९५ रोजी कायमचे रुंदावले. हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी बैठक घेतली आणि बावीस क्लबांनी मूळ संघटनेतून फुटून ‘नॉर्दर्न युनियन’ स्थापन केली. त्यांची मागणी पगाराची नव्हती. शनिवारी सामन्यासाठी कामावर जाता आले नाही तर बुडालेला रोज भरून मिळावा, इतकीच ती होती. लंडनच्या बाजूच्या मंडळींनी ती मान्य केली नाही. हॅलिफॅक्स, बॅटली, रनकॉर्न हे १८८८ च्या संघाला खेळाडू देणारे क्लब त्याच वर्षी बाहेर पडले आणि स्विंटन व सॅल्फर्ड पुढच्या वर्षी. या फुटीतून रग्बी लीगचा खेळ जन्मला, आणि ज्या माणसांनी परदेश दौऱ्याचा पाया घातला त्यांच्याच गावांना रग्बी युनियनच्या दौऱ्याचे दार बंद झाले. दौऱ्याच्या गौरवग्रंथांत ही बाब सहसा एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक पुढची साठ-सत्तर वर्षे दौऱ्यावर डॉक्टर, विद्यार्थी, लष्करी अधिकारी आणि पाद्री यांची नावे इतकी का दिसतात, याचे स्पष्टीकरण तिच्यात आहे.

हौशीपणाची ही पहारेदारी समुद्र ओलांडूनही चाले. १९०५-०६ मध्ये न्यूझीलंडच्या संघाने ब्रिटनच्या दौऱ्यात खेळाडूंना रोज ३ शिलिंग हातखर्च दिल्याचा राग स्कॉटलंडच्या मनात राहिला, आणि १९०८ मध्ये न्यूझीलंडला निघालेल्या ब्रिटिश संघात स्कॉटलंड आणि आयर्लंड सामील झाले नाहीत. त्या संघातला फ्रेडरिक जॅक्सन हा लेस्टर क्लबचा आघाडीचा खेळाडू. तो पूर्वी पैसे घेऊन रग्बी लीग खेळला असावा या संशयावरून दौरा चालू असतानाच लंडनहून तार आली आणि त्याला निलंबित करण्यात आले. त्याला परत पाठवण्यासाठी सिडनीला नेले गेले. तो इंग्लंडला न जाता न्यूझीलंडला परतला, तेथे नगाटी पोरू या माओरी जमातीत त्याचा संसार थाटला गेला, आणि त्याचा मुलगा एव्हरार्ड जॅक्सन १९३० च्या दशकात न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघात, म्हणजे ‘ऑल ब्लॅक्स’मध्ये, खेळला.

चारही देशांच्या या संयुक्त संघाला १९२४ च्या सुमारास ‘लायन्स’ हे नाव पडले, आणि दौऱ्याची कल्पना दीर्घकाळ याच संघाशी बांधलेली राहिली, कारण बोटीने जाऊन-येऊन पाच-सहा महिने देऊ शकतील असे पुरेसे खेळाडू एकट्या स्कॉटलंडला किंवा एकट्या आयर्लंडला मिळणे अवघड होते. १९५० चा लायन्सचा दौरा बोटीने गेलेला अखेरचा. त्याच दौऱ्यात एक खेळाडू जायबंदी झाल्यावर त्याच्या जागी लुइस जोन्स या वेल्सच्या कोवळ्या तरुणाला विमानाने न्यूझीलंडला धाडण्यात आले; दोन वर्षांनी याच जोन्सने ६,००० पौंड घेऊन लीड्सच्या रग्बी लीग क्लबाशी करार केला. १९५५ मध्ये संपूर्ण संघ विमानाने दक्षिण आफ्रिकेत उतरला. जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावर ९० हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे झालेला पहिला टेस्ट सामना लायन्सने २३-२२ असा जिंकला. अखेरच्या क्षणी यजमानांच्या यॅक व्हॅन डर श्खायफची किक खांबांबाहेरून गेली आणि निकाल ठरला. मालिका २-२ अशी सुटली.

विमानाने आठवड्यांचा प्रवास दीड-दोन दिवसांवर आणला, आणि त्यामुळे जे बोटीच्या काळात शक्य नव्हते ते शक्य झाले: एकट्या देशाचा राष्ट्रीय संघ आपल्या बळावर, नोकरदारांना मिळू शकेल इतक्या रजेत, दक्षिणेत खेळून येऊ शकला. १९५८ मध्ये फ्रान्स दक्षिण आफ्रिकेत गेला. मझामे गावच्या लुसियाँ मियास या आघाडीच्या खेळाडूच्या नेतृत्वाखाली फ्रेंचांनी केपटाउनचा टेस्ट ३-३ असा बरोबरीत सोडवला, एलिस पार्कचा ९-५ असा जिंकला, आणि युरोपीय राष्ट्राचा एकटा संघही तेथे मालिका जिंकू शकतो हे प्रथमच सिद्ध केले. ब्रिटनच्या बाजूने हा पायंडा स्कॉटलंडने पाडला. एप्रिल-मे १९६० मध्ये स्कॉटिश संघाने दक्षिण आफ्रिकेत अवघे तीन सामने खेळले. ३० एप्रिलला पोर्ट एलिझाबेथचा टेस्ट तो १८-१० असा हरला. पुढे १९६१ मध्ये आयर्लंड, १९६३ मध्ये इंग्लंड, १९६४ मध्ये वेल्स, असे सगळेच छोट्या दौऱ्यावर निघू लागले आणि बहुतेक वेळा हरून परतले. पहिला अपवाद आयर्लंडचा, ज्यांनी १९६७ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाला ११-५ असे हरवले.

सर्वांत अनपेक्षित यश मात्र इंग्लंडचे. १९७२ च्या पंचराष्ट्र स्पर्धेत, म्हणजे फ्रान्स आणि ब्रिटिश बेटांतील चार संघांच्या वार्षिक स्पर्धेत, इंग्लंड चारही सामने हरला होता; त्याच उन्हाळ्यात जॉन पुलिनच्या नेतृत्वाखालील हा संघ दक्षिण आफ्रिकेत सात सामन्यांपैकी एकही हरला नाही आणि ३ जूनला एलिस पार्कवर त्याने यजमानांना १८-९ असे नमवले. त्यातले १४ गुण सॅम डोबलच्या एकट्याच्या पायातून आले. घरी सतत पाठीवर असलेले टीकेचे ओझे दूर गेले की माणसे मोकळेपणाने खेळतात आणि एकत्र राहून-जेवून त्यांचा खराखुरा संघ बनतो. दौऱ्याची ही ताकद त्या वर्षाइतकी स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल.

याच दौऱ्यांची दुसरी बाजू काळी आहे आणि ती टाळून हा इतिहास सांगता येत नाही. स्कॉटलंडचा १९६० चा टेस्ट झाला तेव्हा शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेल्याला सहा आठवडेही झाले नव्हते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राज्यात कृष्णवर्णीय खेळाडूला राष्ट्रीय संघाची वाट बंद होती, कृष्णवर्णीय प्रेक्षक मैदानाच्या वेगळ्या कोपऱ्यात उभे असत, आणि पाहुणा संघ तेथे खेळला की त्या व्यवस्थेला प्रतिष्ठा मिळे. ब्रिटिश सरकारचा विरोध असताना १९७४ मध्ये लायन्स तेथे गेले आणि २२ पैकी २१ सामने जिंकून अजिंक्य परतले. खेळाच्या अंगाने त्या संघाची थोरवी निर्विवाद आहे, पण तेवढ्याने तो दौरा न्याय्य ठरत नाही. आयर्लंडने १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जायचे ठरवले तेव्हा सरकारचा, कामगार संघटनांचा आणि चर्चचा विरोध झाला. टोनी वॉर्ड, ह्यूगो मॅकनील, मॉस कीन आणि डोनल स्प्रिंग यांनी जाण्यास नकार दिला. जे गेले त्यांच्यापैकी काहींना कामावरून रजा मिळाली नाही. जॉन रॉबीने नोकरीवर पाणी सोडून दौरा केला, पुढे तो दक्षिण आफ्रिकेतच स्थायिक झाला आणि रेडिओवरील वर्णभेदविरोधी आवाज म्हणून नावाजला गेला. हौशी खेळाडूचा वेळ त्याच्या मालकाच्या हाती असतो ही जी गोष्ट शंभर वर्षे अडचण म्हणून मिरवली गेली, तीच येथे अंतःकरणाच्या कौलाची कसोटी ठरली.

ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने हौशीपणाचा नियम रद्द केला. हडर्सफील्डच्या बैठकीला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती. आता खेळाडूला पगार मिळू लागला, परंतु पगार देणारे क्लब त्याच्या उन्हाळ्यावर हक्क सांगू लागले, आणि त्याचा पहिला मोठा फटका इंग्लंडला १९९८ मध्ये बसला. प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांचे अनेक अनुभवी खेळाडू दुखापती आणि थकव्यामुळे घरीच राहिले, आणि नवख्यांचा संघ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका अशा तीन देशांच्या वारीवर निघाला. ६ जूनला ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना ७६-० असे चिरडले. डनीडिनला ६४-२२, ऑकलंडला ४०-१०, केपटाउनला १८-०, आणि मधले तीन सामने धरून सातपैकी सातही सामने गेले. केपटाउनला मिळालेले हॉटेल वुडवर्ड यांना राष्ट्रीय संघाच्या इतमामाला शोभेसे वाटले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर पैसे भरून सगळा संघ माउंट नेल्सन हॉटेलात हलवला. इंग्लिश वृत्तपत्रांनी या दौऱ्याला ‘नरकयात्रा’ म्हटले. तरीही मॅट डॉसन, जॉश ल्यूझी आणि तेव्हा १९ वर्षांचा जॉनी विल्किन्सन हे याच यात्रेतून घडले, आणि पाच वर्षांनी, जून २००३ मध्ये, इंग्लंडने वेलिंग्टनला न्यूझीलंडला १५-१३ व मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला २५-१४ असे हरवले व त्याच वर्षी विश्वचषक जिंकला, तेव्हा हे तिघेही संघात होते.

पगारी युगात दौरा आखडत गेला. आठवड्याच्या मधल्या वारी लहान शहरांत होणारे प्रांतीय सामने, ज्यांत टारानाकीसारखा प्रांत एका पाहुण्या राष्ट्राला हरवून पिढ्यान्‌पिढ्या त्याची गोष्ट सांगू शकत असे, जवळजवळ नाहीसे झाले. २०१७ च्या सॅन फ्रान्सिस्को करारानुसार दौऱ्याचा काळ २०२० पासून जूनऐवजी जुलैत गेला, आणि २०२६ पासून आखलेल्या नव्या बारा संघांच्या स्पर्धेत उत्तरेकडचा संघ जुलैत तीन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी एकेकदाच भिडणार असल्याने एकाच यजमानाविरुद्धची तीन टेस्टची मालिकाही मागे पडणार आहे. फिजी, सामोआ आणि टोंगा या प्रशांत महासागरातील बेटांनी बड्या संघांना कितीतरी खेळाडू पुरवले, पण त्यांच्या घरी जाऊन खेळण्याइतके मोठे मन फार थोड्यांनी दाखवले. न्यूझीलंडसारख्या शेजाऱ्याने सामोआच्या आपिया शहरात पहिला टेस्ट खेळला तो ८ जुलै २०१५ रोजी.

या आखडत्या काळातही एक दौरा जुन्या मापाचा झाला. जुलै २०२२ मध्ये आयर्लंडचा संघ न्यूझीलंडमध्ये १८ दिवसांत पाच सामने खेळला, त्यांपैकी दोन माओरी ऑल ब्लॅक्सविरुद्ध आणि तीन टेस्ट. ऑकलंडचा पहिला टेस्ट त्यांनी ४२-१९ असा गमावला. ९ जुलैला डनीडिनमध्ये, १८८८ च्या संघाने जेथे पहिला सामना खेळला त्याच शहरात, ते २३-१२ असे जिंकले आणि १९७६ पासून प्रयत्न करूनही न मिळालेला न्यूझीलंडच्या भूमीवरचा पहिला टेस्ट विजय त्यांच्या पदरी पडला. आठवड्याने वेलिंग्टनचा सामना ३२-२२ असा जिंकून त्यांनी मालिकाही खिशात घातली. कर्णधार जॉनी सेक्स्टन तेव्हा ३७ वर्षांचा होता. प्रशिक्षक अँडी फॅरेल हा रग्बी लीगमधून आलेला, विगन गावचा. बुडालेला रोज भरून मागत १८९५ मध्ये बाहेर पडलेल्या बावीस क्लबांमध्ये विगनचा क्लब होता.